लुईव्हिलचे डंकबहाद्दर: यादी कुठवर आली

यादी पुन्हा मोडली आणि नव्याने मांडायला घेतली. केंटकीतल्या लुईव्हिल विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातला आजवरचा सर्वांत भारी डंकर, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये ठोकणारा, कोण, हा आमच्या टोळक्यातला जुना काथ्याकूट. या खेपेला त्याला जरा शिस्त लावायची ठरवली. आमच्यातला नागपूरकर दर वेळी डोनोव्हन मिचेलचं नाव सगळ्यांत वर टाकतो आणि पुरावा म्हणून २०१८ च्या एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, डंक स्पर्धेचा व्हिडिओ पुढे करतो. डंक झकासच आहेत, वाद नाही. पण ते कॉलेजच्या लाल जर्सीत मारलेले नाहीत. म्हणून पहिला नियम: कॉलेजच्या सामन्यात मारलेलाच डंक धरायचा. स्पर्धेतले, सरावातले, एनबीएतले सगळे बाद.

नियम लावल्याबरोबर वॉर्मअपच्या दंतकथाही आपोआप गळाल्या. कॉलेजच्या खेळात वॉर्मअपमध्ये डंक मारायला २०१५ पर्यंत बंदीच होती. पंच मैदानावर यायच्या आत पोरं काय काय करायची याचे किस्से चवीने ऐकावेत, वहीत उतरवू नयेत.

आता मोजायचं काय, हा खरा तिढा. डॅरेल ग्रिफिथचं नाव निघालं की लगेच कुणीतरी ४८ इंच म्हणतं. त्याची उभी उडी तेवढी होती असं सगळीकडे छापलेलं आहे. धरू या. माणूस सहा फूट चार इंच. हात सरळ वर केला की बोटं साधारण सव्वाआठ फुटांवर पोचत असतील, त्यात चार फूट मिळवा, म्हणजे सव्वाबारा फूट झाले. रिंग दहा फुटांवर, आणि रिंगमागच्या फळीवरच्या, म्हणजे बॅकबोर्डवरच्या, चौकटीची वरची रेघ साडेअकरा फुटांवर. म्हणजे मनात आणलं तर गडी त्या रेघेच्याही वर नऊ इंच हात लावणार.

जुन्या चित्रफितींत मात्र हे कधी दिसत नाही. गेले काही आठवडे मी रात्री फ्रेम-फ्रेम थांबवून पाहतोय. उडीचा कळस आला की थांबवायचं आणि मनगट रिंगच्या किती वर आहे ते चौकटीच्या आधाराने ताडायचं. कॅमेरा एकच, तोही लांब बाजूला, चित्र धुरकट. तरी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. डंकला मनगट रिंगच्या वर असलं की भागतं. चेंडू आत गेला की काम संपलं, उरलेली उडी वापरायची गरजच पडत नाही. मग ग्रिफिथच्या त्या शिलकी उंचीचं होतं काय? तिचा त्याला वेळ मिळतो. अडवायला आलेला खेळाडू त्याच्याबरोबर उडतो, वर जातो, खाली यायला लागतो, आणि हा अजून वरच. तेव्हा कुठे हात मागे नेऊन चेंडू ठोकतो. चित्र थांबवल्यावर बचाव करणाऱ्याचे पाय जमिनीला टेकत आलेले आणि ग्रिफिथची कोपर अजून वाकलेली, असं दिसलं की मी वहीत फुली मारतो. म्हणून दुसरा नियम इंचांचा केला नाही. वर गेल्यावर तिथे काय केलं, त्याला गुण.

आता इतिहासाचा भाग. हा आमच्यातल्या नव्या मंडळींना माहीत नसतो आणि त्यावाचून ही यादी करता येत नाही. १९६७ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. त्यांचा लू अल्सिंडॉर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. त्यानंतर लगेचच कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएने डंकवर बंदी घातली. दुखापती होतात, रिंगा मोडतात, ही कारणं सांगितली गेली, पण लोकांनी त्याला अल्सिंडॉर नियमच म्हटलं. गंमत अशी की तो १९६७ चा अंतिम सामना झाला होता लुईव्हिलमध्येच, फ्रीडम हॉलमध्ये. म्हणजे डंकला ज्या हंगामाने घालवलं त्याचा शेवट या गावात झाला, आणि पुढे डंकची राजधानी म्हणून नाव झालं तेही याच गावाचं.

बंदी उठली १९७६-७७ च्या हंगामात. नेमक्या त्याच हंगामात ग्रिफिथ कॉलेजात आला, तोही लुईव्हिलचाच, मेल हायस्कूलचा पोरगा. त्यामुळे आधीच्या पिढीशी तुलना करणं हा अन्याय आहे. वेस अनसेल्डचं शेवटचं वर्ष बंदीत गेलं. १९७५ चा संघ उपांत्य फेरीत यूसीएलएकडून जादा वेळेत एका गुणाने हरला, ७५-७४, त्या संघातल्या कुणालाही सामन्यात डंक मारायची मुभाच नव्हती. अशांना मी यादीत घेत नाही आणि बाहेरही काढत नाही. वेगळ्या पानावर ठेवलेत.

ग्रिफिथच्या शेवटच्या वर्षीचा संघ म्हणजे ‘डॉक्टर्स ऑफ डंक’. ग्रिफिथ, जेरी ईव्ह्ज, डेरेक स्मिथ, वायली ब्राउन, रॉडनी मॅक्रे. सेंटरला, म्हणजे एरवी सर्वांत उंच गड्याच्या जागी, खेळणारा मॅक्रे सहा फूट सातचा, आणि या उंचीवर यांनी ३३ सामने जिंकून फक्त तीन हरले. इथे आमचा दुसरा वाद पेटतो. इंडियानापोलिसच्या अंतिम सामन्यात यूसीएलए ५४-५० ने पुढे होतं, आणि तिथून लुईव्हिलने ओळीने नऊ गुण घेत ५९-५४ असा सामना काढला. त्याआधी एक क्षण असा आला की यूसीएलएचा किकी व्हॅन्डेवे मोकळा सुटला होता. वायली ब्राउन जिवाच्या आकांताने मागे धावला आणि व्हॅन्डेवेचा सोपा लेअप, म्हणजे रिंगजवळून टाकलेला चेंडू, हुकला. मग ग्रिफिथने विजयाची आघाडी मिळवून दिली ती लांबून मारलेल्या जंप शॉटने. डंकच्या डॉक्टरांनी विजेतेपद डंकवाचून जिंकलं! नागपूरकर म्हणतो, मग कसले डॉक्टर? माझं म्हणणं, बचाव करणारे चार वर्षं त्याच्या उडीला घाबरून मागे सरकत होते, म्हणून तो शॉट मोकळा मिळाला.

(वायली ब्राउनच्या एका हाताचा अंगठा कृत्रिम होता. अंतिम सामन्याच्या दिवशी तो जेवणाच्या टेबलावरच राहिला आणि शेवटी कचऱ्यातून शोधून आणावा लागला. यादीशी संबंध नाही, पण हे न लिहिता पुढे जाववत नाही.)

१९८३ चा उपांत्य सामना मी पुन्हा पाहिला. आल्बुकर्की, समोर ह्यूस्टनचे ‘फाय स्लामा जामा’, म्हणजे क्लाइड ड्रेक्सलर, हकीम ओलाजुवन वगैरे. मध्यंतराला लुईव्हिल ४१-३६ ने पुढे, शेवट ९४-८१ ने हार. उंचावरच्या त्या शहरात हवा विरळ, उत्तरार्धात लाल जर्सीवाल्यांचे पाय जड झालेले साफ दिसतात आणि ह्यूस्टनवाले एकामागून एक ठोकत सुटतात. डंकचा खेळ म्हणून याच्या तोडीचा सामना मी पाहिलेला नाही. फक्त आमच्या यादीच्या दृष्टीने तो चुकीच्या संघाने गाजवला.

मॉन्ट्रेझ हॅरेलपाशी मात्र घोडं अडलं. २०१२ ते २०१५ तो होता आणि निव्वळ ताकदीने त्याच्याइतके डंक कुणी मारले असतील असं मला वाटत नाही. ग्रिफिथ तरंगतो, हॅरेल आदळतो. रिंगला दोन्ही हातांनी धरून खाली ओढतो तेव्हा अख्खा सांगाडा हलताना दिसतो. २०१३ च्या अंतिम सामन्यात मिशिगन १२ गुणांनी पुढे गेलं होतं. ल्यूक हॅनकॉकने ओळीने थ्री (लांबून तीन गुणांचे शॉट) मारून अंतर कापलं आणि मध्यंतराच्या जरा आधी हवेत आलेला पास वरच्या वर पकडून ठोकलेल्या हॅरेलच्या अ‍ॅली-ऊपने लुईव्हिल ३७-३६ असं पुढे आलं. पुढे ८२-७६ ने जिंकले. वर्षानुवर्षं मी हा डंक पहिल्या पाचांत ठेवत आलोय.

पण हा विजय आता नोंदींत नाही. शिस्तभंगाच्या प्रकरणात २०११-१२ ते २०१४-१५ या चार हंगामांतले १२३ विजय रद्द झाले, त्यात ते विजेतेपदही गेलं. हॅरेलचे तिन्ही हंगाम त्यातच येतात. आणि रद्द झाले ते विजय, पराभव तसेच शाबूत. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर हा गडी तीन वर्षं नुसता हरत होता! आमच्यातल्या एका वकीलसाहेबांचं म्हणणं, नोंद नाही तर डंकही नाही. मी हे मानत नाही. त्या प्रकरणाशी हॅरेलच्या उडीचा काही संबंध नव्हता, आणि तो अ‍ॅली-ऊप लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिलाय. हॅरेल राहतो. वकीलसाहेबांचा आक्षेप वहीच्या समासात लिहून ठेवलाय.

टेरेन्स विल्यम्स (२००५ ते २००९) या खेपेला वर सरकला. सहा फूट सहाचा हा खेळाडू पास द्यायचा, रिबाउंड (हुकून परतलेला चेंडू) काढायचा आणि मध्येच असा उडायचा की बाकीचं विसरायला व्हावं. ला ब्रॅडफर्ड स्मिथच्या चांगल्या चित्रफिती हाती लागलेल्या नाहीत, त्याचं पान कोरं.

मिचेलचं काय करायचं? कॉलेजात तो दोनच वर्षं होता, २०१७ ला एनबीएत गेला. नियमाप्रमाणे २०१८ ची स्पर्धा बाद, पण त्यातला योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. तो स्पर्धेत उतरला ग्रिफिथची जुनी यूटा जाझची जर्सी घालून, दोघेही लुईव्हिलचे आणि दोघेही जाझचे म्हणून. अंतिम फेरीत हरवलं लॅरी नॅन्स धाकट्याला. आणि १९८४ च्या स्पर्धेत खुद्द ग्रिफिथ खेळला होता, ती जिंकली होती लॅरी नॅन्स थोरल्याने. नागपूरकराला वाटतं एवढ्यावर मिचेल वर यावा. नाही यायचा.

तर सध्या पेन्सिलीने लिहिलेला क्रम असा: ग्रिफिथ, हॅरेल, विल्यम्स, मग मिचेल. पाचव्या जागेसाठी १९८६ च्या विजेत्या संघातल्या बिली थॉम्पसन आणि पर्व्हिस एलिसन या दोघांत मारामारी आहे. ड्यूकला ७२-६९ ने हरवलं त्या सामन्यात एलिसनने पहिल्या वर्षाला असताना २५ गुण आणि ११ रिबाउंड काढले, पण डंकर म्हणून माझा कौल थॉम्पसनकडे झुकतोय. त्या हंगामाचे अख्खे सामने मिळवायच्या मागे लागलोय. निवडक क्षणांच्या फिती नकोत, त्यांत हुकलेले डंक कापलेले असतात आणि थॉम्पसनचे हुकलेलेसुद्धा मला मोजायचेत.