ताम्हिणी ते आंबेनळी: पुढच्या फोर्कचा प्रीलोड जुळवत केलेली कोकणवारी

मार्ग साधा ठेवला होता. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर. पुढे बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, मग केळशी, आंजर्ले, दापोली. परत येताना खेड, पोलादपूर आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. गाडी सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५०, मागे बायको आणि दोन्ही बाजूंना सामानाने भरलेले पॅनियर.

निघायच्या आधी टायरची हवा बघितली आणि मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला. हा क्रम सोडू नका. पिलियन (मागे बसणारा) आणि सामानाचं बहुतेक वजन मागे येतं. मागची बाजू बसली की पुढचं चाक हलकं पडतं, हँडल जड वाटतं आणि लोक विनाकारण फोर्कशी, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दोन नळ्यांशी, खेळत बसतात.

मग सॅग मोजला. पुढचं चाक हवेत असताना फोर्कची नळी किती उघडी दिसते ते मापायचं, नंतर पूर्ण सामानासकट दोघांनी बसून पुन्हा मापायचं. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. या गाडीचा पुढचा ट्रॅव्हल (फोर्क जास्तीत जास्त किती दबू शकतो ते अंतर) १५० मिमी आहे, तेव्हा ४० ते ५० मिमी सॅग मला योग्य वाटतो. माप घ्यायला तिसरा माणूस हवाच. फोर्क एकदा खाली दाबून आणि एकदा वर उचलून, दोन्ही मापांची सरासरी घ्या. सीलच्या घर्षणामुळे ती वेगवेगळी येतात.

प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते हा समज मला फार ठिकाणी भेटतो. स्प्रिंग तीच राहते. ५ मिमी प्रीलोड वाढवला, तर तेवढ्याच वजनाखाली गाडीचं नाक साधारण ५ मिमी वर राहतं, इतकंच. पण घाटात याचा मोठा फरक पडतो. ताम्हिणी उतरताना उतार आणि ब्रेक मिळून फोर्क आधीच दबलेला असतो, त्यात खड्डा आला तर शिल्लक ट्रॅव्हलच कामाला येतो. फोर्क किती दबतो ते कळावं म्हणून नळीला बांधलेला केबल टाय माणगावात बघितला तर पार वर सरकलेला, म्हणजे फोर्क जवळजवळ पूर्ण दबत होता. प्रीलोड वाढवायला दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरची (फोर्कच्या माथ्यावरचा, रेघा आखलेला स्क्रू) एकेक रेघ आत घेतली. दोन्हीकडे सारखीच घ्यायची आणि एका वेळी एकच बदल करायचा.

केळशी-आंजर्ल्याच्या उखडलेल्या पट्ट्यांत हे सेटिंग चांगलं चाललं. तिथे आणखी वाढवायचा मोह आवरा. सॅग फार कमी झाला तर चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच उरत नाही. फोर्क वरच्या टोकाला ठक्कन आदळतो आणि पकड सुटते.

आंबेनळी चढताना चित्र उलटं. चढावर वजन मागे जातं, नाक वर, रेक (फोर्कचा तिरकेपणा) आणि ट्रेल (स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे टेकतो त्याच्या किती मागे चाक टेकतं ते अंतर) वाढलेला, म्हणून हेअरपिनमध्ये गाडी उशिरा वळायची. घाटातच एका चहाच्या टपरीपाशी थांबून रेघ परत बाहेर काढली. पहिल्याच वळणात बायको म्हणाली, "आता झुकताना झटका बसत नाही."

ब्रेक लावल्यावर नाक फार झपकन खाली जात असेल, तर मात्र प्रीलोडवर वेळ घालवू नका. फोर्कचं तेल किती जुनं झालंय ते आधी बघा. त्यानंतर तुमच्या वजनाला योग्य स्प्रिंगचा विचार करा. खाडीच्या बाजूने फिरून आलात तर फोर्कच्या नळ्या गोड्या पाण्याने धुऊन पुसा. मीठ आणि वाळू साचली की सील गळायला लागतं.