फिल्टर लावलेला आहे, हे दिसायला नको का?

बुद्धिबळ स्पर्धेच्या आदल्या रात्री मुलांना तयारीसाठी प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव सॉफ्टवेअरमधून शोधून काढून देणं हे माझं काम. एका मुलीसाठी असेच काढले. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना समोरची खेळाडू दरवेळी कारो-कान या पद्धतीने सुरुवात करायची. रात्री उशिरापर्यंत बी१२ची (कारो-कानच्याच एका प्रकाराचा हा संकेतांक) तयारी करून घेतली. सकाळी पटावर पहिल्याच चालीला सिसिलियन, म्हणजे वेगळीच सुरुवात!

झालं असं की, दोघांपैकी एकाचं तरी रेटिंग २२००च्या वर हवं, हा फिल्टर आधीच्या शोधातून तसाच राहिला होता. त्यामुळे तिचे फक्त तगड्या खेळाडूंविरुद्धचे डाव दिसले. तिथे ती कारो-कान खेळते, एरवी सिसिलियन. शिवाय पीजीएनमध्ये, म्हणजे डाव ज्या प्रकारच्या फायलीत साठवतात तिच्यात, सक्तीचे रकाने सातच: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल. रेटिंग त्यात नाही. मुलांच्या स्पर्धांच्या फायलींत ते बरेचदा नसतंच आणि असे डाव रेटिंगचा फिल्टर लागला की गुपचूप गळतात. स्क्रीनवर याची काहीही खूण नव्हती, खाली कोपऱ्यात डावांचा आकडा तेवढा.

सॉफ्टवेअर मोफत, स्वयंसेवकांनी चालवलेलं. तक्रार नोंदवणं सोपं गेलं. उत्तर आलं, ‘फिल्टर बरोबर चालतो, आकडा खाली दिसतो, बग नाही.’ आणि तक्रार बंद! मला याचा अजून राग येतो. फिल्टर चुकतो असं मी म्हटलंच नव्हतं. तो चालू आहे हे कळत नाही, एवढंच म्हणणं होतं. पुन्हा लिहिलं, तर म्हणे ‘रीसेट’चं बटण आहे की. अहो, फिल्टर लागलाय हेच माहीत नसेल तर रीसेट कोण दाबेल? त्यातून नावा-रेटिंगचा शोध एका खिडकीत, पटावरच्या स्थितीचा दुसऱ्या. एक पुसला तरी दुसरा राहतो. मग बराच काळ काहीच उत्तर नाही. मध्येच एकाने लिहिलं की फिल्टर दाखवणारी पट्टी वर आणली तर डावांच्या यादीची एक ओळ जाईल.

शेवटी शब्दांनी नाही, चित्रांनी काम झालं. तोच खेळाडू, तोच शोध, दोन स्क्रीनशॉट, डावांचे दोन वेगळे आकडे. सोबत छोटी पीजीएन फाइल, म्हणजे त्यांनाही करून बघता येईल. तक्रार पुन्हा उघडली. (आवृत्तीचा क्रमांक पहिल्याच निरोपात द्या, नाहीतर तो विचारण्यातच वेळ जातो.) फिल्टर असेल तेव्हाच पट्टी दिसेल, असं सुचवल्यावर ओळ जाण्याचा मुद्दाही मिटला.

आता यादीच्या वर ‘रेटिंग २२००+’ असं ठळक दिसतं, शेजारी फुली; दाबली की तेवढाच फिल्टर जातो. एकही डाव सापडला नाही तर कोणत्या फिल्टरमुळे, तेही लिहून येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फार बरं वाटलं.

स्थितीचा फिल्टर मात्र पट्टीत नुसता ‘स्थिती’ म्हणून येतो. तिथे छोटा पट दिसावा, अशी नवी विनंती टाकली आहे, या वेळी स्क्रीनशॉट आधीच जोडून.