मागणी घटली तरी चिनी भट्टी का विझत नाही

चिनी पोलाद स्वस्त का, असं विचारलं की बहुतेक जण ‘निर्यातीला सरकारी अनुदान’ म्हणून मोकळे होतात. पण बहुतेक पोलादी मालाच्या निर्यातीवरचा करपरतावा चीनने २०२१ मध्येच काढून टाकला. तरीही २०२४ मध्ये ११ कोटी टनांच्या आसपास पोलाद देशाबाहेर गेलं. म्हणजे कारण बंदरावर नाही, कारखान्याच्या गावात शोधायला हवं.

चीनमध्ये मूल्यवर्धित कर मुख्यतः माल बनतो तिथे जमा होतो आणि २०१६ पासून त्यातला निम्मा वाटा स्थानिक सरकारांना मिळतो. नफा बुडाला की नफ्यावरचा कर बुडतो. मूल्यवर्धित कर मात्र तोट्यातला कारखानाही भरत राहतो, कारण तो बसतो मूल्यवृद्धीवर, म्हणजे विक्रीतून विकत घेतलेल्या मालाचा खर्च वजा जाता जे उरतं त्यावर, आणि मजुरीही त्यातच धरलेली असते. शहराच्या तिजोरीला कारखाना फायद्यात असण्याची गरज नाही, तो चालू असला की पुरे! वर रोजगार आणि वाढीचं लक्ष्य आहेच. मग जुनं कर्ज फिटावं म्हणून बँक नवं कर्ज देते. माझ्या मते खरं अनुदान हेच. फक्त ते त्या नावाने कुठे नोंदलं जात नाही.

त्यात झोतभट्टीचा, म्हणजे खनिजातून लोखंड वितळवणाऱ्या भट्टीचा, स्वभाव आडवा येतो. एकदा पेटवली की ती वर्षानुवर्षं अखंड चालते. विझू दिली तर तळाशी लोखंड गोठतं, थंड होताना अस्तराच्या विटांना तडे जातात. म्हणून खनिज-कोळशाचा खर्च निघतोय तोवर मालक तोट्यातही ती चालवतो. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर ‘तीन लाल रेषा’, म्हणजे तीन मर्यादा, आखल्या, बांधकाम बसलं, सळईची मागणी आटली. उत्पादन मात्र वर्षाला १०० कोटी टनांच्या घरातच राहिलं. जगाच्या निम्म्याहून जास्त.

देशात न खपलेल्या या पोलादाचा फटका चिलीतल्या ताल्कावानो शहराला बसला. तिथल्या वाचिपातो कारखान्याच्या सळयांपासून तांब्याचं खनिज दळणाऱ्या गिरण्यांसाठी पोलादी गोळे बनत. एप्रिल २०२४ मध्ये चिलीने चिनी गोळ्यांवर ३३.५ टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. कंपनीचं म्हणणं, शुल्काइतकी भाववाढ बाजारात मिळतच नाही. त्याच वर्षी भट्टी बंद झाली. चिलीच्या तांब्याचं सर्वात मोठं गिऱ्हाईक चीनच, हा भाग वेगळा.

भारताने एप्रिल २०२५ मध्ये काही सपाट पोलादी मालावर २०० दिवसांसाठी १२ टक्के हंगामी शुल्क लावलं. अशी बातमी वाचताना टक्केवारीआधी मालाची यादी बघावी. कॉइलवर, म्हणजे गुंडाळी केलेल्या साध्या पत्र्यावर, शुल्क लागलं की तेच पोलाद जस्तलेपित पत्रा म्हणून येतं. जस्तलेपित पत्र्यावर लागलं की तिसऱ्या देशात लाटून येतं किंवा सरळ वॉशिंग मशीनच्या अंगावर चढून येतं, आणि वॉशिंग मशीन पोलादाच्या यादीत नसतं.