उघडी मांडणी
आमच्या शाळेच्या नव्या ग्रंथालयाच्या आराखड्यावर आज वास्तुविशारदांसोबत बैठक झाली. रंग आणि फर्निचर यांवर बराच वेळ गेला. माझा आग्रह मात्र कुलूपबंद लोखंडी कपाटांऐवजी, दुसरी-तिसरीच्या मुलांचा हात वरच्या फळीपर्यंत सहज पोहोचेल अशा उघड्या, बुटक्या मांडणीचा होता. पुस्तके वापरासाठी असतात, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पहिलेच सूत्र म्हणून मांडले. तरीही हरवण्याच्या धास्तीने आपण ती काचेआडच ठेवतो. पश्चिमेच्या खिडकीखाली कपाट न ठेवता बसण्याची जागा करण्याचे ठरले, कारण दुपारच्या उन्हाने मुखपृष्ठांचे रंग उडतात आणि पावसाळ्यात तिथेच भिंतीला ओल येते. संगणकांचा कोपरा त्यामुळे आक्रसला, याचे मला (खरे सांगायचे तर) फारसे वाईट वाटले नाही. ग्रंथपालांचे टेबल दाराशी असावे की मध्यभागी, हा वाद तेवढा पुढच्या बैठकीवर गेला.