प्रसादाचा शिरा आणि आमचा गोट्या

"अहो प्रसादाला पण नाही म्हणता? एवढ्याशा बेदाण्याने कुत्र्याला काय होणारे?" घरी पूजा असली की हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

आम्ही सांगलीचे, इथे बेदाणा विकत आणावा लागत नाही, तो तासगावच्या कुणातरी मामांकडून पिशवी भरून येतो. दोन वर्षांपूर्वी गोट्याने (गावठी, बारा किलो) डबा पाडून मूठभर बेदाणे हाणले आणि आम्ही खुळ्यासारखे हसलो. रात्री उलट्या सुरू झाल्या, सकाळी गपगार पडून. मग दोन दिवस सलाईन, किडन्या तपासायला रक्तातल्या क्रिएटिनिनच्या टेस्ट, वाचला एकदाचा. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याच्या किडन्या जाऊ शकतात हे तेव्हा कळलं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या व्हेट्सनी म्हटलं की दोष बहुतेक टार्टारिक ॲसिडचा असावा, आणि ते द्राक्षाच्या जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे कमीजास्त असतं, म्हणून एखाद्या कुत्र्याला काहीच होत नाही आणि दुसरं थोड्याशानेच आडवं होतं. आणि हेच ॲसिड आपल्या चिंचेत भरपूर! म्हणजे आमटीचं पातेलं चाटायला देणंही बंद.

"गावाकडची कुत्री रस्सा-भाकरी खाऊनच जगली की" असं लगेच कुणीतरी म्हणतंच. जगली ती दिसतात हो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी, वाळवून पावडर केली तरी, पण ते दिसायला तीन-पाच दिवस जातात, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते, आणि तोवर रविवारचं मटण कुणाच्या लक्षात असतं? मेलं की म्हणायचं काहीतरी चावलं असेल. रश्श्याच्या एका थेंबाने मरत नाही, मान्य, पण रोज उरलेलं सगळं त्याच्याच पुढ्यात ओततो ना आपण.

चॉकलेटचं आता बहुतेकांना माहीत असतं. शुगरफ्री च्युइंगमचं नसतं, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असलं तर अर्ध्या-एक तासात कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते, तेव्हा पर्स खुर्चीवर उघडी टाकू नका आणि खाल्लंच तर मिठाचं पाणी वगैरे पाजत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

आणि कण्हेर. रस्त्याच्या डिव्हायडरवर लावतात ती, तिला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. पान, फूल, खोड सगळं विषारी, हृदयावरच जातं, वाळलं तरी. सासूबाई रोज तीच फुलं देवाला वाहायच्या आणि निर्माल्याची टोपली गोट्याच्या नाकासमोर! झाड तोडायला त्या तयार नाहीत, त्यामुळे टोपली खुंटीवर गेली.

शिऱ्याचं म्हणाल तर त्या आता बेदाणे घालायच्या आधीच चमचाभर बाजूला काढून ठेवतात, गोट्याचा नैवेद्य म्हणून. साखर-तूपही त्याला चांगलं नाही, पण तेवढं मी बघून न बघितल्यासारखं करते.