झांझिबार: मुलांना घेऊन पूर्व किनाऱ्यावर

टांझानियातल्या झांझिबार बेटावर जाणारे बहुतेक जण उत्तरेला नुंगवी-केंडवाला उतरतात. मुलांना दिवसभर डुंबायचं असेल तर तेच बरं, कारण तिथे ओहोटीतही पोहण्याइतकं पाणी असतं. आम्ही मात्र पूर्वेला जांबियानीत राहिलो. इथे ओहोटीला समुद्र पार प्रवाळाच्या कड्याकडे मागे सरतो आणि उघड्या पडलेल्या वाळूवर गावातल्या बायका कामाला उतरतात.

काम समुद्री शेवाळाच्या शेतीचं. ही शेती इथे १९८९ च्या सुमारास सुरू झाली. वाळूत खुंट्या ठोकायच्या, मध्ये दोऱ्या ताणायच्या आणि त्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे. एक मावशी घोटाभर पाण्यात फतकल मारून बसल्या होत्या. फासात तुकडा सरकवला, गाठ आवळली, की लगेच पुढचा. मुलं बराच वेळ बघत उभी होती. या शेवाळातून निघणारं कॅराजीनन, म्हणजे दाटपणा आणणारा पदार्थ, आइस्क्रीम आणि टूथपेस्टमध्ये वापरतात, हे सांगितल्यावर तर त्यांचे डोळेच विस्फारले. आता समुद्र तापत चाललाय आणि ज्या जातीला चांगला भाव मिळतो, नेमकी तीच उथळ पाण्यात जगत नाही.

एवढं बघून वळलं की समोर हॉटेलांच्या भिंती. आत निळेशार तलाव, दारात रखवालदार. मागच्या रस्त्यावर पिवळे कॅन घेऊन पाण्याला निघालेल्या पोरी. "त्यांच्या घरी नळ नाही का?" लेकीने विचारलं. असे प्रश्न मुलांना पडू द्यावेत आणि जमेल तितकं खरं उत्तर द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच आग्रहाने सांगते, सगळं खाणंपिणं आतच मिळणारं रिसॉर्ट घेऊ नका. गावातल्या माणसाचं छोटं गेस्टहाउस बघा, गावातल्याच खाणावळीत जेवा, होडीवाला आणि वाटाड्याही तिथलाच घ्या. नारळाच्या दुधातला राजमा आणि चपाती मिळते, त्यामुळे शाकाहारी माणसाचं अडत नाही. पोरं चॉकलेट मागत मागे येतात, पण ते वाटू नका. मागायची सवय लागते आणि शाळा बुडते. त्यापेक्षा त्यांच्यासोबत वाळूत फुटबॉल खेळा, आमची मुलं रोज खेळायची. शेवाळाच्या दोऱ्यांवर पाय देऊ नका, फोटो विचारूनच काढा. वस्ती मुस्लिम आहे, तेव्हा गावात फिरताना खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक गेस्टहाउसवाल्याला रोज विचारा. पाण्यात समुद्री साळिंदर (सी अर्चिन, काटेरी गोळ्यासारखा जीव) असतात, त्यांचे काटे पायात मोडतात. सगळ्यांना रबरी तळव्याचे बूट हवेतच. जून ते ऑक्टोबर हवा कोरडी असते. मार्च ते मे मोठा पाऊस, तेव्हा टाळा.

एक दिवस झांझिबारच्या जुन्या शहराला, स्टोन टाउनला द्या. जुन्या गुलामबाजाराच्या जागी आता चर्च आहे. तिथली तळघरं मोठ्या मुलांना जरूर दाखवा. ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा जन्म याच गावातला आणि शाळा आपल्या पाचगणीची, हे ऐकून मुलांना भलताच आनंद झाला.

आता कागदपत्रं. टांझानियाचा ई-व्हिसा आधीच काढा. ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारचा सरकारी प्रवास विमा सक्तीचा आहे, मोठ्यांना माणशी ४४ डॉलर. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, बॅगेतून काढून ठेवा. आणि पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्या. परतताना लसीच्या प्रमाणपत्राचं ते पिवळं कार्ड भारतातल्या विमानतळावर मागू शकतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात, म्हणून ते पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीतच असू द्या.