वहीवरची नजर पडद्यावर कशी न्यायची

वर्ग वर्षभर धड भरणार नाहीत असं कळलं की कॉलेजचा वाणिज्य किंवा व्यवस्थापन विभाग आधी वेळापत्रक उचलतो आणि जसंच्या तसं पडद्यावर ठेवतो. नऊची तासिका नऊला, दहाची दहाला. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, त्यानंतरच्या घाईत जगभरच्या असंख्य विभागांनी हेच केलं, आणि त्या आठवड्यात दुसरं सुचणंही कठीणच होतं. पूर, संप, धोकादायक ठरलेली इमारत अशी कारणं बदलत राहतात. विभागाची अडचण मात्र दरवेळी जवळपास तीच असते.

व्याख्यान पडद्यावर जातं. जात नाही ती वहीवरची नजर. लेखाशास्त्राच्या तासाला शिक्षक बाकांमधून फिरतो. कुणीतरी घसाऱ्याची रक्कम यंत्र खात्याच्या जमेला लिहिण्याऐवजी नावे लिहिलेली असते. शिक्षक त्यावर बोट ठेवतो आणि पुढे जातो. पाच सेकंदांचं काम. साठ जणांच्या वर्गात तासाभरात अशा वीस-तीस दुरुस्त्या सहज होतात आणि त्यांची कुठल्याच दप्तरात नोंद नसते. त्यामुळे वर्ग बंद झाल्यावर नेमकं काय गेलं हे हजेरीपटावरून कळत नाही. ते कळतं सत्राच्या शेवटी, तेरीज न जुळलेल्या चाळीस उत्तरपत्रिका एकदम समोर आल्यावर.

एलियाहू गोल्डरॅट यांचा अडसराचा सिद्धांत हाच विभाग शिकवतो: सगळ्या साखळीचा वेग सर्वांत अरुंद जागा ठरवते, म्हणून आधी ती शोधा आणि बाकी सगळं तिच्या कलाने चालवा. विस्कटलेल्या वर्षात ती जागा म्हणजे तपासून परत देणं. शिकवण्याचे व्हिडिओ कितीही सुबक केले तरी साखळी तिथेच अडते.

हिशेब करून बघा. एका शिक्षकाकडे साठ विद्यार्थी, प्रत्येकाची आठवड्याला चार छोटी गृहपाठं. म्हणजे २४० वह्या. एकीला चार मिनिटं धरली तर १६ तास. शिकवणं, तयारी आणि बैठका सांभाळून हे होणार नाही. मग तपासणी मागे पडते, शेरे तीन आठवड्यांनी येतात, आणि तीन आठवड्यांनी आलेला शेरा विद्यार्थी वाचत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम इथे चपखल बसतो: साचलेलं काम म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी काळ. दिवसाला ४० वह्या येत असतील आणि परत जायला सरासरी तीन दिवस लागत असतील, तर टेबलावर कायम १२० असणार. रविवारी रात्र जागून ढीग एकदा उपसला तरी वेग आणि काळ तेच राहिले तर गुरुवारपर्यंत तो परत तेवढाच.

म्हणून आधी येण्याचा वेग कमी करायचा. चारपैकी दोन गृहपाठं यंत्राने तपासायची, एक विद्यार्थ्यांनी नमुना उत्तर पाहून एकमेकांची तपासायची आणि एकच शिक्षकाने हाताने. हाताने तपासायची तीही सगळ्यांची नाही. दर आठवड्याला पंधरा जणांची, पाळीपाळीने, म्हणजे चार आठवड्यांत प्रत्येकाची वही एकदा नीट वाचली जाते. उरलेल्यांसाठी त्या पंधरा वह्यांत सापडलेल्या पाच ठळक चुकांची आठ मिनिटांची ध्वनिफीत. एवढं झालं तरी वहीवरची नजर बऱ्याच अंशी परत येते.

रेकॉर्डिंगचंही असंच गणित करता येतं. सेकंदाला एक मेगाबिटचा थेट व्हिडिओ तासाला ४५० मेगाबाइट डेटा खातो. चार तासिका म्हणजे दिवसाला १.८ गिगाबाइट. उलट दहा मिनिटांचा नुसता आवाज ६४ किलोबिटने साठवला तर ४.८ मेगाबाइट होतो. त्यासोबत सहा स्लाइडची पीडीएफ दिली की लेखाशास्त्र, कायदा, विपणन या विषयांचं काम भागतं. शिक्षकाचा चेहरा दिसणं चांगलंच, पण आठवड्यातून एकदा, शंकांच्या तासाला. आकडेमोड दाखवायची असेल तेव्हा मात्र व्हिडिओ हवा, आणि तो हात व कागद दाखवणारा. एक्सेलची खिडकी दाखवताना झूम १५० टक्क्यांच्या खाली ठेवू नये. निम्मा वर्ग फोनवर बघत असतो आणि त्यांना सूत्रपट्टी दिसतच नाही. दहा मिनिटांच्या फितीला पहिल्या वर्षी तासाभराच्या तासिकेपेक्षा जास्त तयारी लागते, हे कार्यभार वाटताना विभागप्रमुखाने धरलं नाही तर दुसऱ्या महिन्यात फिती बंद पडतात.

यंत्राने तपासायच्या प्रश्नांत खरी मेहनत आहे. सगळ्यांना एकच गणित दिलं की अर्ध्या तासात उत्तर सगळ्या गटांवर पोहोचतं. त्यावर कॅमेरा लावून पहारा ठेवण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळे आकडे देणं स्वस्त आणि सभ्य. सगळ्यांत सोपा उपाय हजेरी क्रमांकाचा. समविच्छेद बिंदूचं, म्हणजे नफाही नाही आणि तोटाही नाही अशा विक्रीचं गणित घ्या: स्थिर खर्च १,२०,०००, नगामागे बदलता खर्च ६०, विक्री किंमत १०० अधिक हजेरी क्रमांकाचे शेवटचे दोन अंक. क्रमांक २३ असेल तर नगामागे अंशदान (किंमत वजा बदलता खर्च) ६३, भागाकार १९०४.७६, म्हणून १९०५ नग. शेजारच्या २२ क्रमांकाचं उत्तर १९३६. नक्कल केली की उघडी पडते, आणि तपासणाऱ्याला एक्सेलमध्ये एकच सूत्र ओढून सगळ्यांची उत्तरं मिळतात.

मूडल या ऑनलाइन अभ्यासप्रणालीत हेच गणिती प्रकारच्या प्रश्नाने होतं: चलांना मर्यादा द्यायच्या, पन्नासेक संच तयार करून घ्यायचे. चूक होते ती सूट ठरवताना. सापेक्ष सूट ०.०१ ठेवली तर एक टक्क्याच्या आतलं काहीही चालतं, म्हणजे १९०५ च्या जागी १८९० लिहिणाराही पास. शिवाय १९०४ नगांना तोटा अजून संपलेला नसतो, नग नेहमी वरच्या पूर्णांकाला न्यायचे असतात, हा मुद्दाच त्यात बुडतो. सूत्रात वरच्या पूर्णांकाला नेणारं सील फंक्शन वापरावं आणि सूट सापेक्ष न ठेवता ठोक ०.५ ठेवावी. हजारांचा स्वल्पविराम, टक्क्याचं चिन्ह आणि ऋण आकडा कंसात लिहिण्याची हिशेबनिसांची सवय, या तीन गोष्टींमुळे बरोबर उत्तरं चूक ठरतात. प्रश्नातच ‘फक्त अंक, चिन्ह नाही’ असं लिहावं आणि पहिली चाचणी बिनगुणांची घ्यावी.

साखळी गणितांचा घोळ वेगळा. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद अशी चार पावलं असली आणि पहिल्या पावलावर एक नोंद चुकली की यंत्र चारही पावलांना शून्य देतं. माणूस तसं करत नाही. पुढची रीत बरोबर असेल तर गुण देतो. यंत्राकडून तेवढा विवेक हवा असेल तर गणित तोडावं लागतं: पहिल्या भागात नोंदी, आणि दुसऱ्या भागात नव्याच तयार शिल्लका देऊन ताळेबंद. बँक जुळवणी पत्रकाचंही तसंच. रोख पुस्तक आणि पासबुक यांच्यात फरक करणाऱ्या सहा बाबी द्याव्यात आणि प्रत्येक बाबीसाठी ‘मिळवा, वजा करा, परिणाम नाही’ एवढंच विचारावं. अंतिम शिल्लक शेवटी, कमी गुणांना.

गटकामाकडे वळू. पडद्यावर छोट्या खोल्या पाडल्या की शिक्षकाची नजर पुन्हा जाते. साठ विद्यार्थी, चौघांचा गट, म्हणजे पंधरा खोल्या. प्रत्येकीत एक मिनिट डोकावलं तरी चर्चेची वेळ संपते. उपाय साधा आहे. एकच सामायिक सादरीकरण फाइल उघडायची, प्रत्येक गटाला तिच्यातलं एक पान नेमून द्यायचं आणि पानावर आधीच तीन रिकाम्या चौकटी छापून ठेवायच्या: निर्णय, त्यामागचा आकडा, सर्वांत मोठा धोका. शिक्षक पंधराही पानांचा लघुदर्शक पट समोर ठेवून बसतो. ज्या पानावर चार मिनिटांत अक्षर उमटलं नाही, त्याच खोलीत जायचं. वेळ बारा मिनिटांपेक्षा कमी देऊ नये, कारण पहिली दोन आवाज येतोय का विचारण्यात जातात. चौघांपेक्षा मोठा गट केला की एक जण हमखास कॅमेरा बंद करून निघून जातो.

आता आशयाबद्दल, कारण असं वर्ष व्यवसाय विभागाला आयतं साहित्य देतं आणि बहुतेक विभाग ते वाया घालवतात. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. किंमत शून्याच्या खाली कशी जाते हा प्रश्न फळ्यावर लिहिला की साठवणुकीचा खर्च, वायद्याची मुदत आणि माल प्रत्यक्ष ताब्यात घेण्याची सक्ती ही तिन्ही प्रकरणं त्यातून निघतात. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे सुमारे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं. पुरवठा साखळी शिकवताना याहून सरळ चित्र काढता येणार नाही. लेखाशास्त्रात तर अप्रतिम उदाहरण मिळालं. ३१ डिसेंबर २०१९ ला वर्ष संपलेल्या कंपन्यांसाठी महासाथ ही सर्वसाधारणपणे ताळेबंदानंतरची घटना ठरली: आकडे बदलायचे नाहीत, टिपेत मात्र सांगायचं. ३१ मार्च २०२० ला वर्ष संपलेल्यांना तिचा परिणाम आकड्यांतच धरावा लागला. एकच काल्पनिक कंपनी, दोन तारखा, दोन ताळेबंद. आंतरराष्ट्रीय लेखामानक १० समजवायला दुसरं काही लागत नाही. चालू व्यवसायाचं गृहीतक, म्हणजे कंपनी पुढेही चालू राहील हे, तपासताना ताळेबंदाच्या तारखेपासून निदान बारा महिने पुढचं पाहावं लागतं, हेही त्याच गणितात येतं.

पुरवठा साखळीचा प्रसिद्ध बीअर गेम एमआयटीत १९६० च्या सुमारास तयार झाला, आणि तो पडद्यावर खेळता येतो. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक, कारखाना अशा चार भूमिका, आणि प्रत्येक जण आपल्या पुढच्याकडे माल मागवतो. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ नगांचा साठा. ग्राहकाची मागणी चार आठवडे ४ नग आणि पाचव्या आठवड्यापासून कायम ८. शिल्लक नगाला आठवड्याला अर्धा आणि थकलेल्या नगाला एक, असा खर्च. मागणी एकदाच बदललेली असते, तरी कारखान्यापर्यंत पोहोचेतो मागण्यांचे हेलकावे प्रचंड होतात. पडद्यावर हा खेळ फसतो तो एका कारणाने: एकाच फाइलीत चार पानं केली की सगळे एकमेकांच्या पानांत डोकावतात, माहिती फुटते आणि हेलकावे येतच नाहीत. चार स्वतंत्र फाइली कराव्यात आणि मागण्या शिक्षकाने इकडून तिकडे न्याव्यात. वीस आठवडे पुरेत, पण विद्यार्थ्यांना तीस सांगावेत. खरा शेवट माहीत असला की शेवटच्या काही फेऱ्यांत सगळे मुद्दाम साठा संपवतात.

इंटर्नशिपचं दुखणं मोठं, पण सांगण्यासारखं थोडं. कंपन्या दार बंद करतात तेव्हा ‘तेवढेच तास दुसरीकडे भरा’ हा आग्रह सोडावा. चार ते सहा आठवड्यांचं एक छोटं काम घ्यावं आणि त्याचा मसुदा एका पानात मावेल असा असावा: एकच प्रश्न, कोणती आकडेवारी मिळणार, समोरचा एकच माणूस, आठवड्याला अर्ध्या तासाचं बोलणं, शेवटी काय द्यायचं. तिसऱ्या आठवड्यात समोरचा माणूस फोन उचलेनासा होतो, हे गृहीतच धरावं. म्हणून मसुद्यातच दुसरी वाट लिहून ठेवावी: नोंदणीकृत कंपनीचे तीन वर्षांचे प्रकाशित वार्षिक अहवाल आणि त्यांवर तोच प्रश्न. गुप्ततेचा कागद आधी सही करून घेतला नाही तर शेवटी अहवाल तयार असतो आणि तो तपासायला द्यायला कंपनी तयार नसते.

गळती ओळखायला हजेरी कामाची नाही; लॉगिन करून झोपणारे हजर दिसतात. दर शुक्रवारी एकच यादी काढावी: गेल्या सात दिवसांत ज्यांनी काहीही जमा केलं नाही ते. ही यादी सर्वांच्या नावे पाठवली की तीन शिक्षक एकाच विद्यार्थ्याला फोन करतात आणि दुसऱ्याला कुणीच करत नाही. वीस विद्यार्थ्यांमागे एक पालक-शिक्षक नेमावा आणि फोन फक्त त्यानेच करावा. पहिला प्रश्न अभ्यासाचा नसावा, फोन कुणाचा आहे आणि दिवसातून किती वेळ हाताशी असतो हा असावा.

सूचना शुक्रवारी चार वाजता, एकाच ठिकाणी, क्रमांक घालून. ‘सूचना १४ ने सूचना ९ रद्द’ असं लिहिता येणं फार मोलाचं असतं. आणि दिलेल्या प्रत्येक सवलतीपुढे तारीख. उशिरा जमा केलं तरी गुण कापणार नाही, तोंडी परीक्षेऐवजी ध्वनिफीत चालेल, पुस्तक उघडं ठेवून परीक्षा, या गोष्टी त्या त्या वेळी योग्यच असतात. मुदत न लिहिता दिल्या तर दोन वर्षांनी नवीन तुकडी जुनी सूचना पुढे करते आणि ती कुणी, कशासाठी काढली होती हे सांगणारं विभागात कुणी उरलेलं नसतं. सत्र संपताना विभागाच्या बैठकीत ही यादी वरपासून खालपर्यंत वाचावी आणि प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहावा: बंद, मुदतवाढ, नियमित. मुदतवाढ लिहिली तर पुढची तारीखही तिथेच.